भिमाबाईच्या उंबऱ्यावरचा तांब्या

भिमाबाई जाऊन पंधरवडा उलटला, तिच्या खोलीला हे एवढं कुलूप लागलं, आणि तरी रोज दिवेलागणीला तिच्या उंबऱ्यावर तांब्या पालथा दिसायचा.

आता तुम्ही म्हणाल, दिसला तर दिसला, तांब्याच तो! तसं नाही हो. जेलरोडच्या मागच्या अंगाला आमची करुणा वसाहत आहे, तिथं उंबऱ्यावर पालथा तांब्या दिसला की मोठमोठ्यानं बोलणारी माणसंही आवाज खाली आणतात. कारण तो तांब्या मागत असतो.

त्याचं असं झालं. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा क्लबची माणसं वसाहतीत मदत वाटायला आली होती. पिठाची पिशवी एक आणि तिला धरायला हात आठ. वर घेणाऱ्या बाईला म्हणाले, ताई, जरा हसा, फोटो छान येऊ द्या. ती बिचारी हसली, आणि घरी जाऊन रडली. भिमाबाई तेव्हा एका शाळेत आया होती. तिचं डोकंच फिरलं. तिनं विहारात बायकांना गोळा केलं, सावली महिला मंडळ काढलं, आणि एक नियम घालून दिला. मागणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही आणि देणाऱ्यानं तोंड बघायचं नाही.

मग कसं मागायचं? तर तांब्यानं. लाइटबिल थकलं, खोलीचं भाडं अडलं, की त्या घरानं दिवे लागायच्या वेळेला उंबऱ्यावर तांब्या पालथा घालायचा आणि त्याच्याखाली कागद सारायचा. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी, जिची पाळी असेल ती बाई गल्लीतून फिरणार. कागद उचलणार, तांब्या सरळ करून ठेवणार आणि पुढं जाणार. तांब्या सरळ झाला म्हणजे समजायचं, मंडळानं ऐकलं, आता घरोघरच्या दरमहा वर्गणीच्या पेटीतून पैसे भरले जातील. कोणी कोणाला विचारायचं नाही, कोणी कोणाला सांगायचं नाही. अगदी नवऱ्यालाही नाही.

छान नियम होता. किती घरांची अब्रू राखली त्यानं! पण वर्षानुवर्षं असं केल्यावर वसाहतीच्या अंगात न बघणं असं काही भिनलं की विचारू नका. तांब्या दिसला की मान फिरवायची. हळूहळू तांब्या नसला तरी माना फिरायला लागल्या.

भिमाबाईच्याच बाबतीत बघा ना. नवरा सहादू कधीच गेलेला, पोटी मूलबाळ नाही. शेवटचं वर्षभर तिच्या खोलीत संध्याकाळी दिवा दिसायचा नाही. साधनानं एकदा विचारलं होतं. साधना म्हणजे मंडळातला तिचा उजवा हातच. भिमाबाई दारात बसून मिश्री लावत होती. म्हणाली, "असू दे गं पोरी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून डोळ्यांना उजेड सोसतच नाही बघ." साधनाला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा ना.

मग त्या सकाळी म्हातारी उठली नाही. बायका धावल्या. साधना सगळ्यांच्या पुढं. आत अंधार होता म्हणून तिनं सवयीनं भिंतीवरचं बटण दाबलं. खट्. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. खट्. कोणीतरी बाहेर जाऊन बघितलं, तर मीटरच्या जागी रिकामी फळी होती आणि दोन वायरींच्या टोकांना चिकटपट्टी लावलेली होती. ती पट्टीसुद्धा जुनी झाली होती.

सगळ्या वसाहतीची बिलं भरणारी बाई वर्षभर अंधारात राहिली आणि अंधारातच मेली. तिचा तांब्या एकदाही पालथा पडला नाही. बायकांनी एकमेकींकडं बघितलं, आणि सवय बघा, लगेच माना फिरवल्या.

त्या दिवसापासून साधनाच्या कानात ते खट् जाऊन बसलं. घरात दिवा लावताना बटण दाबायचं आणि उजेड पडायचा, त्या दोहोंच्या मधल्या एवढ्याशा क्षणात तिच्या छातीत धस्स व्हायचं.

जलदानविधी झाला, गाथा झाल्या, निफाडहून आलेला पुतण्या खोलीला कुलूप घालून किल्ली घेऊन निघून गेला. आणि त्यानंतर एक-दोन दिवसांतच साधनाला तो तांब्या दिसला. गल्लीच्या टोकाला, कंपाउंडच्या भिंतीला चिकटून भिमाबाईची खोली. कुलपाखाली उंबऱ्यावर तिचा पितळी तांब्या. लग्नातला, नाव कोरलेला. पालथा.

जन्मात कधी मागितलं नाही ती बाई मेल्यावर मागत होती!

आता आमच्यात भूतबीत काही मानत नाहीत. बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आम्ही. विहारात उभं राहून पोरांना छातीठोक सांगतो, बाळांनो, असलं काही नसतं. पण त्याच बायका भिमाबाईच्या दारावरून जाताना पदर कानावरून ओढून घ्यायला लागल्या. विचारलं की म्हणायच्या, थंडीय बाई! थंडी होतीच म्हणा, निफाडचा पारा रोज पेपरात येत होता. पण ही काय थंडी नव्हती.

गंमत अशी की हे कोणी बोलूनच दाखवेना. भीती वाटते म्हणायचं तर भूत आहे असं कबूल करावं लागणार, आणि ते कोण करणार? त्यात मंडळाचा नियम. तांब्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मग जिची पाळी यायची ती पहाटे तिथं जायची. तांब्याखाली कागद नसायचा. मेलेल्या बाईला कसलं आलंय बिल! पण पालथा तांब्या बघून तसंच कसं जायचं? म्हणून कोणी बाजरीचं पीठ ठेवायची, कोणी मेणबत्त्यांचा पुडा. सुलाबाईनं तर शेंगदाण्याचे लाडू ठेवले. तांब्या सरळ करायच्या आणि चपला हातात घेऊन पळत सुटायच्या. सकाळ होईपर्यंत ठेवलेलं गायब व्हायचं आणि संध्याकाळी तांब्या पुन्हा पालथा.

साधना हे सगळं बघत होती, आणि तिची झोप उडाली होती. कारण भिमाबाईच्या जागी मंडळानं तिलाच अध्यक्ष केलं होतं. आणि दुसरं कारण कोणालाच माहीत नव्हतं. साधनाच्या स्वतःच्या घराचा दिवा विझायच्या बेतात होता.

राकेश, तिचा नवरा, अंबडच्या एका कारखान्यात होता. कंत्राट संपलं म्हणून पावसाळ्यात कमी केलं. तेव्हापासून तो भल्या पहाटे उठून मजुरांच्या नाक्यावर जाऊन उभा राहायचा. काम मिळालं तर मिळालं. साधना शिवणकाम करायची, पण थंडीत ब्लाउज कोण शिवून घेतंय? मुलगी राखी बारावीला, परीक्षा तोंडावर, वह्या-पुस्तकांत मान घालून रात्रंदिवस बसलेली. बिल थकलं होतं. लाइनमन ओळखीचा होता, तो सांगून गेला होता, "ताई, माझ्या हातात असतं तर... पण आता आज-उद्या तोडतीलच." आणि खोलीमालक ललित देवळाली कॅम्पहून स्कूटरवर आला होता. वाईट माणूस नव्हता. चहा घेतला, राखीचा अभ्यास विचारला आणि जाताना चप्पल घालता घालता म्हणाला, "वहिनी, शुक्रवारपर्यंत भाड्याचं बघा. नाही जमलं तर खोली मोकळी करा. घेणारा थांबलाय."

त्या रात्री जेवताना राकेश म्हणाला, "साधना, एकदा आपणही तांब्या..."

"खबरदार!" तिनं हातातला घास ताटात टाकला. "अध्यक्षाच्या दारात तांब्या? उद्या लोक काय म्हणतील? पेटी हातात आली आणि पहिला हात हिनंच मारला."

"त्या पेटीत आपणही दरमहा टाकलंय की."

"टाकलंय ते द्यायला टाकलंय. भिमामावशीनं कधी घातला होता का तांब्या?"

"नाही घातला," राकेश म्हणाला. "आणि अंधारात मेली."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं. राखीनं पुस्तकातून डोकं वर काढलं, आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातलं. त्यानंतर त्या घरात तांब्याचं नाव निघालं नाही. राकेश मात्र रोज काही ना काही घरी आणायला लागला. एकदा पीठ, एकदा मेणबत्त्या. नाक्यावरचा एक मुकादम भला माणूस आहे, म्हणायचा. राखीला एकदा लाडू मिळाले. साधनाला बरं वाटायचं. बुडत्याला काडी मिळाली की तो ती कुठून आली ते विचारत बसत नाही.

मग साधनाची पाळी आली.

पहाटे उठून तिनं डबे उघडले. ठेवायला काय न्यायचं? एका डब्यात तूरडाळ होती, शेवटची. वणीहून तिच्या आईनं पाठवलेली, एरंडेल चोळून, मध्ये कडुनिंबाचा पाला घालून. साधना डब्याकडं बघत उभी राहिली. ही डाळ गेली तर उद्या पोरीला काय घालायचं? पण तिला राहून राहून भिमाबाई दिसत होती, अंधारात दाराशी बसलेली, मिश्री लावणारी. तिनं डाळ फडक्यात बांधली, शाल गुंडाळली आणि बाहेर पडली.

बाकीच्या गल्लीत एकही तांब्या नव्हता. टोकाला भिमाबाईची खोली. धुकं इतकं की दार जवळ गेल्याशिवाय दिसेना. तांब्या तिथंच होता, पालथा. साधना वाकली आणि तिला मिश्रीचा वास आला. करपलेल्या तंबाखूचा, अगदी ताजा. आणि आतून आवाज झाला. खट्.

कुलूप हललं असेल. उंदीर असेल. साधनानं मनाला शंभर गोष्टी सांगितल्या. तांब्या सरळ करताना कोरलेल्या नावावरून बोटं फिरली आणि तिला वाटलं आपण म्हातारीचा हातच धरलाय. "मावशी," ती पुटपुटली, नियम मोडून, "मला दिसलं होतं हो. मी विचारलं नाही." तिनं डाळ ठेवली आणि जी निघाली ती घराच्या मोरीत जाऊनच थांबली.

दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी राकेश आला आणि तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी दिली. "मुकादमानं दिली. डाळ आहे."

साधनानं पिशवी ताटात ओतली. निवडायला बसली. हाताला बुळबुळीत लागलं, एरंडेलाचा वास आला. डाळीच्या ढिगातून कडुनिंबाची वाळकी डहाळी वर आली.

पहिल्यांदा तिला काय वाटलं सांगू? भिमाबाईनं डाळ परत पाठवली! आयुष्यभर कोणाचं घेतलं नाही, मेल्यावर तरी माझं कशाला घेईल! ताट तसंच धरून ती बसली आणि मग तिचं लक्ष राकेशकडं गेलं. तो दाराशी उभा होता. चपला काढायच्या सोडून जमिनीकडं बघत होता.

"ही माझी डाळ आहे," साधना म्हणाली.

राकेशनं एक चप्पल काढली आणि पुन्हा घातली.

"अहो, ही मी आज पहाटे भिमामावशीच्या दारात ठेवलेली डाळ आहे. कुठून आणलीत?"

"तिथूनच," राकेश म्हणाला.

खोटं बोलणं त्याला कधी नीट जमलंच नव्हतं. एकदा सुरुवात झाली तसं त्यानं सगळं सांगून टाकलं. पहिल्यांदा तांब्या त्यानं घातला नव्हता. नाक्यावर जाताना त्या बाजूनं जवळचा रस्ता, म्हणून गेला तर उंबऱ्यावर पिठाची पिशवी दिसली. आजूबाजूला कोणी नाही. मेलेल्या बाईला पीठ कशाला? उचलली. मग संध्याकाळी येताना मनात आलं, तांब्या पालथा घालून बघावा. घातला. पहाटे मेणबत्त्या मिळाल्या. मग रोजच. "आपल्या दारात तू घालू देत नव्हतीस," तो म्हणाला. "तिथं घातला तर आपलं नाव कुठं येत होतं?"

"म्हणून चव ओळखीची वाटली. ते लाडू सुलामावशीचे होते?" राखीनं आतून विचारलं. तिला सगळं ऐकू येत होतं.

"असतील," राकेश म्हणाला.

"मी तीन खाल्ले," राखी म्हणाली आणि रडायला लागली.

साधनाला हसू आलं, रडूही आलं, आणि शेवटी आला तो संताप. ज्याला घाबरून सगळी वसाहत पदर ओढून घेत होती तो हा, तिचा नवरा! आणि भुताला खाऊ घालता घालता तिनं स्वतःच्याच घरातली शेवटची डाळ बाहेर नेऊन ठेवली होती. "लाज नाही वाटली?" ती ओरडली. "मेलेल्या बाईच्या नावावर भीक?"

"जिवंत बाईच्या नावावर मागू देत नव्हतीस ना," राकेश शांतपणे म्हणाला.

साधनानं डाळीचं ताट खाली ठेवलं. तिनं त्याच्याकडून वचन घेतलं, पुन्हा त्या तांब्याला हात लावायचा नाही. आणि आपल्या दारात? तेही नाही. शुक्रवारपर्यंत मी बघते काहीतरी, म्हणाली. काय बघणार होती कोण जाणे! डाळ मात्र तिनं शिजवली. तिघांनी ती खाली माना घालून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी राकेश नाक्यावर गेलाच नाही. वचन दिलं होतं, त्यात अंगात कणकण होती. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. दुपारी लाइटवाले आले. अदबीनं बोलले, शिडी लावली, वायर तोडली, मीटर काढलं आणि निघून गेले. साधनानं मोठ्यानं म्हटलं, "मीटर बदलायला नेताय होय!" शेजारच्या खिडकीला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं. खिडकीतली बाई आत सरकली. तिनं बघितलं नव्हतं.

ऊन उतरलं, खोलीत काळोख जमायला लागला. राखी क्लासहून आली, दप्तर टाकलं, भिंतीवरचं बटण दाबलं.

खट्.

पुन्हा दाबलं. खट्.

"आई, लाइट गेली?" तिनं दारातून बाहेर बघितलं. समोरच्या घरात दिवा होता, शेजारी टीव्ही चालू होता. "आपलीच गेलीय का गं?"

आणि साधना बोलली. तिनं काही ठरवलं नव्हतं, तोंडातून आपोआप आलं, तोच सूर, तेच शब्द: "असू दे गं पोरी. डोळ्यांना उजेड सोसतच नाही बघ."

बोलली आणि जागच्या जागी थिजली. हा आवाज तिचा नव्हता. भिमाबाई बोलली होती, तिच्या तोंडून, तिच्या घरात, तिच्या अंधारात बसून. अगं आई गं! साधनाला कळलं की म्हातारी त्या कुलूपबंद खोलीत नव्हतीच. इतके दिवस ती इथं राहायला येत होती, एकेक पाऊल टाकत. आज आली. आता ही पोर शिकेल, खिडकीत कोणी बघितलं की मोठ्यानं खोटं बोलायचं, मग म्हातारी होईल, आणि एका सकाळी कोणीतरी येऊन बटण दाबेल.

"राखी," साधना म्हणाली, आणि या वेळी आवाज तिचा होता, चिरकलेला, पण तिचा. "आपली लाइट तोडली. बिल भरलं नाही म्हणून तोडली. आपल्याकडं पैसे नाहीत."

ती उठली आणि पदर न ओढता, चपला न घालता तडक गल्लीच्या टोकाला गेली. दिवे लागायची वेळ. भिमाबाईच्या उंबऱ्यावर तांब्या होता. पालथा. पहाटे कोणीतरी तो सरळ केला असणारच, आणि राकेश दिवसभर तिच्या डोळ्यांसमोर अंथरुणात होता. मग आज कोणी घातला? मला विचारू नका. साधनानंही विचारलं नाही. भीती सगळी संपली होती, आता फक्त वाईट वाटत होतं. तिनं तांब्या उचलला, पदरानं पुसला. "चला मावशी," ती म्हणाली. "दोघी मिळून मागू."

घरी येऊन तिनं आपल्या उंबऱ्यावर तो पालथा घातला. खाली बिल ठेवलं. एवढं केलं की मागणाऱ्यानं दार लावून घ्यायचं असतं. साधना दार उघडं टाकून त्या तांब्याशेजारी, तोंड रस्त्याकडं करून बसली.

कामावरून परतणारी माणसं दिसायला लागली. एकाची नजर तांब्यावर पडली, मान फिरली. दोन बाया बोलत आल्या, गप्प झाल्या, भिंतीला घासून निघून गेल्या. अध्यक्षाच्या दारात! साधनाचे कान तापले. उठून आत जावं, दार लावावं, हे सगळं अजूनही मागं घेता येईल, असं तिला एकेका पावलाला वाटत होतं. मग सुलाबाई आली, भाजीची पिशवी सावरत. तिनंही तांब्या बघितला. तिचीही मान फिरली.

"सुलामावशी," साधना म्हणाली. "इकडं बघा."

सुलाबाई थांबली. मान मात्र तिकडंच. "अगं, असं नसतं बोलायचं पोरी. पहाटे येईल ना कोणीतरी."

"पहाटेपर्यंत नाही. आत्ता बघा. माझ्या तोंडाकडं बघा." साधनाला हुंदका आवरेना. "माझ्या घरात लाइट नाही. शुक्रवारी खोली जाणार. तुमचे लाडू माझ्या पोरीनं खाल्ले. ते भूतबीत काही नव्हतं, आम्हीच होतो."

सुलाबाईनं मान वळवली. जन्मात पहिल्यांदा ती पालथ्या तांब्याच्या मालकिणीकडं बघत होती, आणि ते तिला जमत नव्हतं, डोळे सारखे निसटत होते. मग तिची नजर तांब्यावरच्या नावावर गेली. पिशवी तिच्या हातातून खाली आली.

"हा भिमाचा तांब्या."

"हो."

"अगं, हा तर मीच पालथा घातला होता!" सुलाबाई मटकन उंबऱ्यावर बसली. "जलदानाच्या दिवशी. घासला, वाळायला म्हणून घातला, आन् तिचा पुतण्या कुलूप लावून गेला तर तसाच राहिला. माझ्या ध्यानातच नाय राहिलं. नंतर पाहिला तर मलाच भ्या वाटलं. मीच घातलेल्या तांब्याला मीच लाडू ठिवले!"

"आणि आज?" साधनानं विचारलं. "आज तुम्ही गेला होता तिकडं?"

"आज? नाय गं. आज मी त्या अंगाला फिरकले पण नाय."

दोघींनी गल्लीच्या टोकाकडं बघितलं. तिथं काळोख होता, बाकी काही नाही. साधनाला मिश्रीचा वास आला. सुलाबाईलाही आला असावा, कारण तिनं साधनाचा हात घट्ट धरला. पण उठली मात्र कोणीच नाही.

मग सुलाबाईनं तांब्याखालचा कागद काढला. नियमाप्रमाणे आता तांब्या सरळ करून, मान खाली घालून निघून जायचं असतं. तिनं तांब्या सरळ केला आणि राखीला हाक मारून म्हणाली, "पोरी, यात पाणी आन." राखीनं भरून आणला. आधी सुलाबाई प्यायली, मग साधना.

"भिमानं एकदा तरी हाक मारायची होती गं," सुलाबाई म्हणाली. "याच गल्लीत तर व्हते मी. रोज तिचं अंधारं दार बघत व्हते. एकदा तरी मी मारायची होती."

ती उठून गल्लीच्या मधोमध उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, आणि असं ओरडली की विहारातल्या पोरांनी खेळ थांबवला. "अगं ए! बाहेर या सगळ्या! साधनाच्या घरात लाइट नाय!"

साधनाला वाटलं, धरणी दुभंगावी. तिनं तोंड ओंजळीत लपवलं. मग शेजारच्या दाराची कडी वाजली, ज्या खिडकीतली बाई दुपारी आत सरकली होती तेच घर. ती बाहेर आली. तिच्या मागून समोरची. साधनानं हात खाली घेतले, कारण आता बघावंच लागणार होतं. बायका उंबऱ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, सगळ्यांची तोंडं तिच्याकडं होती.

राखीनं आतून मेणबत्तीचा पुडा आणला. पुडा बघून एक बाई म्हणाली, "अगं बाई, हा तर मी ठेवलेला!" आणि तिनंच काडी ओढून पहिली मेणबत्ती लावली.